आमच्याकडं वारं येतं, तिच्याकडं कवड्या बघतात आणि दोन्ही घरांच्या कौलात 'नाही' आलंय. तरी लग्न करावं का?

करा लग्न. आणि पुन्हा कौल लावू नका. तुम्ही लिहिलंय की तुमच्या आईच्या अंगात भवानीचं वारं येतं, मुलीचे वडील कवड्या टाकून बघतात, दोन्ही घरांचं पिढीजात वाकडं आहे आणि दोन्हीकडून 'हे लग्न झालं तर एक जण जाईल' असं निघालंय. हे शेवटचं वाक्य आमच्या घरात जसंच्या तसं बोललं गेलं होतं, म्हणून लिहायला बसले.

सोलापुरात तुळजापूर वेशीच्या आत आमचं माळवदाचं, म्हणजे फळ्यांवर माती घातलेल्या सपाट छपराचं, घर होतं. आज्जी आराधी, म्हणजे भवानीच्या सेवेतली भक्तीण. मंगळवारी-शुक्रवारी ओसरीवर माणसं बसायची. आज्जी सुपातली ज्वारी चिमटीनं उचलायची आणि दोन-दोन दाणे बाजूला सारत जायची. शेवटी एक दाणा उरला तर होकार, जोडी उरली तर नाही. बोळाच्या पलीकडं अज्जांचं कन्नड घर, ते कवड्या बघायचे. वैर पडलं ते एका हरवलेल्या पोरावरून. आज्जी म्हणाली पाण्याजवळ आहे, अज्जा म्हणाले रेल्वेच्या रुळाजवळ आहे. पोरगा होटगीला सापडला. होटगीला जंक्शन आहे आणि तलावही आहे. दोघांनीही 'मीच सांगितलं होतं' म्हटलं, आणि तेव्हापासून दोन्ही घरांचं बोलणं बंद.

माझ्या आत्याला स्वप्नं पडायची आणि ती खरी व्हायची. कुणाच्या दारी तार येणार हे तिला आदल्या रात्री कळायचं. अज्जांच्या धाकट्या मुलाचंही तसंच. त्या दोघांचं जमलं ते यामुळंच असं मला वाटतं, कारण असलं ओझं ज्याच्या डोक्यावर नाही त्याला ते सांगून समजत नाही.

गड्ड्याच्या जत्रेत, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या यात्रेत, संमती कट्ट्यापाशी अक्षता सोहळा चालला होता. सिद्धेश्वर म्हणजे सिद्धरामेश्वर, बाराव्या शतकातले शिवयोगी. कुंभारकन्येनं लग्नाचा हट्ट धरला तेव्हा त्यांनी आपल्या योगदंडाशी तिचं लग्न लावून दिलं, ते लग्न आम्ही दरवर्षी संक्रांतीच्या सणात, भोगीला लावतो. सातही नंदीध्वज, म्हणजे मानाच्या उंच सजवलेल्या काठ्या, उभे, संमतीचं 'सत्यम सत्यम' म्हणून झालं, हजारो हातांतून अक्षता उडाल्या. तो पांढऱ्या बाराबंदीत समोर होता. आत्यानं आपली मूठ नंदीध्वजांकडं न टाकता त्याच्याकडं टाकली, आणि त्यानं तिच्याकडं. शेजारच्या एका बाईनं ते बघितलं आणि दिवेलागणीला आमच्या ओसरीवर येऊन सांगितलं.

आत्याला तिथल्या तिथं मधल्या खोलीत कोंडलं. सकाळी आज्जीची कवड्यांची माळ गायब. माळेशिवाय आराधी बसणार कशी? आज्जीनं कौल लावला आणि सांगितलं, माळ उंबऱ्याबाहेर गेली, चोर पोटचाच आहे. झालं, आत्यानं माळ समोरच्या घरात पोचवली असं ठरलं. अज्जांनी तिकडं कवड्या टाकल्या आणि बोळातून ओरडून सांगितलं, माळ घरातच आहे, वर मातीत आहे. वैऱ्याचं बघणं कोण ऐकतो? आत्याला लांबच्या नात्यात धाडलं आणि तिकडंच उजवलं. तो भिवंडीला कापडाच्या मागावर कामाला गेला, लग्न केलं नाही.

आज्जी गेल्यावर बऱ्याच वर्षांनी घर पाडायचं ठरलं. त्या श्रावणात आत्याचं पत्र आलं: माळ स्वप्नात दिसते, अंधार आहे, माती गळते. त्याच आठवड्यात तो भिवंडीहून आला आणि माझ्या वडिलांना म्हणाला, 'देवघरावरचा कोपरा कुदळीनं नको, हातानं काढा.' मधल्या काळात दोघांची ना गाठ, ना पत्र. ज्यांना हे योगायोग वाटेल त्यांनी खुशाल तसं समजावं, मी समजत नाही.

त्या कोपऱ्यात, फळ्या आणि मातीच्या मधे, माळ मिळाली. आज्जीच्या हिरव्या इरकलीच्या तुकड्यात गुंडाळलेली. ती गाठ मी माझ्या हातानं सोडली. आज्जी डावखुरी होती, उदीच्या पुडीचा दोरा बांधतानाही तिची गाठ उलटी पडायची. ही गाठ उलटी होती, आणि घरात दुसरं कुणीच डावखुरं नव्हतं.

माझे काका अजून म्हणतात की आत्यानंच लपवली. मग काका, दिवा लावताना माळ आईच्या गळ्यात होती असं तुम्हीच सांगता, त्यानंतर आत्या कोंडलेली होती आणि दाराला खाट लावून तुम्हीच झोपला होता. ती माळवदावर कुठून चढली?

तर तुमच्या प्रश्नाचं. बघणाऱ्यांना कळतं, मी मानते. पण आपल्या लेकरांचा प्रश्न आला की ते देवाच्या तोंडी स्वतःचा राग घालतात. आमच्याकडं त्याच जत्रेत होम मैदानावर भाकणूक होते, दिवसभर उपाशी ठेवलेल्या वासरापुढं धान्य, गूळ, गाजर ठेवतात आणि ते कसं वागतं त्यावरून पाऊसपाणी, महागाई सांगतात. त्या वासरालासुद्धा कुणी सोयरीक विचारत नाही. तुमच्या आईनं कौल लावला तेव्हा दाणे कुणी मोजले, ते आधी विचारा.

घरचे उभे राहिले नाहीत तर 1954 च्या विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी करा. 30 दिवसांची नोटीस लागते आणि ती कचेरीत लावतात, म्हणजे घरी कळणार हे धरून चला. करणीचं भय घालून कुणी पैसे उकळले किंवा भूत उतरवतो म्हणून तिला मारलं, तर 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत शिक्षा. हे सगळ्या आराध्यांबद्दल नाही म्हणत, माझ्या आज्जीनंच कित्येक बायकांना पैसा न घेता धीर दिलाय. आणि आईशी तुटेल असं काही लगेच करू नका, आधी वडिलांशी बोला.

आत्या अजून आहे, थकलीय. माळ माझ्या कपाटात आहे. येत्या भाऊबीजेला काकांनी तिला बोलावून ती आपल्या हातानं तिच्या गळ्यात घालावी, आणि तेही सगळ्या भावकीसमोर, कारण चोर तिला सगळ्यांसमोरच म्हटलं होतं.