सर्वांत चपळ हात कोणाचे?

प्रश्न : मोहम्मद अली, माइक टायसन आणि रॉय जोन्स या मुष्टियोद्ध्यांपैकी कोणाचे हात सर्वांत चपळ होते?

उत्तर : एका ठोशाचा वेग, लागोपाठच्या ठोशांचा वेग आणि ठोसा कधी सुटणार हे लपवण्याचे कसब या तीन वेगळ्या गोष्टी असल्यामुळे सरसकट उत्तर देता येत नाही. अली हात खाली सोडून उभा राही आणि त्याचा डावा जॅब (पुढच्या हाताचा झटपट सरळ ठोसा) कमरेजवळून निघे, त्यामुळे तो प्रतिस्पर्ध्याच्या नजरेत उशिरा येई. १९६६ मधील क्लीव्हलंड विल्यम्सविरुद्धच्या लढतीत हे ठळकपणे दिसते. टायसन मात्र जवळ घुसून ठोशांची सरबत्ती करी. जोन्सने २००२ मध्ये ग्लेन केलीसमोर दोन्ही हात पाठीमागे नेले आणि तिथूनच उजवा ठोसा हाणून लढत संपवली. हा आगाऊपणाच, पण त्याला तो शोभला. आमचा कौल जोन्सला. अर्थात, वेग असला म्हणजे लढत जिंकलीच असे नाही : विलक्षण चपळ हातांचा मेल्ड्रिक टेलर १९९० मध्ये हुलिओ सेझार चावेझविरुद्ध गुणांवर पुढे होता, परंतु जवळून झुंजताना इतका मार खाऊन बसला की बाराव्या फेरीची अवघी २ सेकंदे उरली असताना पंचांनी लढत थांबवली.