हिमोग्लोबिन १६ असूनही लोह कमी असू शकतं का?

हो ताई, असू शकतं. तुम्ही दिलेल्या आकड्यांवरून मला तसंच दिसतंय.

बाकीच्यांसाठी थोडक्यात: मुलगा अडीच वर्षांचा, फॅलोट्स टेट्रालॉजी (जन्मजात हृदयदोष, यात अंग निळसर पडतं), रक्तातला ऑक्सिजन ७६ ते ७८ टक्के, ऑपरेशनची तारीख अजून लागलेली नाही. रिपोर्टवर हिमोग्लोबिन १६.२ ‘हाय’, प्लेटलेट १ लाख १८ हजार ‘लो’ आणि पीटी (रक्त गोठायला लागणारा वेळ) लांबलेला. रक्त घट्ट झालंय म्हणून सासूबाईंनी अंगणवाडीतलं लोहाचं औषध थांबवलं, आणि पाहुण्यांपैकी कुणीतरी रक्त काढून टाका म्हणतंय.

मी मिरजेत बरीच वर्षं लॅब टेक्निशियन आहे. डोस तुमचे हृदयाचे डॉक्टरच सांगतील, मी फक्त रिपोर्ट कसा वाचायचा ते सांगतो.

कागदावर छापलेली रेंज धडधाकट मुलांची असते. तुमच्या मुलाच्या अंगात ऑक्सिजन कमी पोचतो, म्हणून मूत्रपिंडातून एरिथ्रोपोएटिन (लाल पेशी वाढवणारं संप्रेरक) जास्त सुटतं आणि अस्थिमज्जा लाल पेशी बनवत सुटते. ऑक्सिजन ७६ असताना हिमोग्लोबिन वाढणारच. प्रश्न हा, की इतक्या पेशी भरायला लोह पुरतंय का? त्यासाठी खालच्या ओळी बघा. लाल पेशी ८६ लाख, हिमॅटोक्रिट (रक्तात लाल पेशींचा वाटा, टक्क्यांत) ५७, एमसीव्ही (एका लाल पेशीचं सरासरी आकारमान) ६६. म्हणजे पेशी भरपूर, पण बारक्या आणि अर्धवट भरलेल्या. अशा पेशी नीट वाकत नाहीत, बारीक रक्तवाहिन्यांतून अडखळत जातात. अशा निळ्या बाळांमध्ये, विशेषतः लहान वयात, मेंदूत रक्ताची गुठळी अडकून झटका येण्याचा धोका लोहाच्या कमतरतेने वाढतो. म्हणून रक्त काढायचं तर नावच नको. काढलेल्या रक्ताबरोबर लोहही जातं आणि नवीन पेशी आणखी बारक्या येतात. रक्त घट्ट झाल्याचा खरंच त्रास होत असेल तरच, तेही हॉस्पिटलमध्ये तेवढंच सलाईन चढवत, डॉक्टर तो निर्णय घेतात.

सासूबाईंची भीती मात्र अगदीच खोटी नाही. या मुलांना लोह सुरू केलं की हिमोग्लोबिन भराभर चढतं, कधी नको तितकं. त्यामुळे डॉक्टरांना विचारून सुरू करायचं आणि ते सांगतील तेव्हा सीबीसी (रक्तपेशींची तपासणी) परत करायची. अंगणवाडीचं औषध आठवड्यातून दोनदा १ मिली, ते कमतरता होऊ नये म्हणून असतं. झालेली कमतरता भरायचा डोस रोजचा आणि वजनावर असतो. दुधाबरोबर देऊ नका, आणि चहाची सवय असेल तर ती आधी मोडा.

आता पीटी. निळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये सायट्रेट (रक्त गोठू न देणारं द्रव) आधीच मोजून भरलेलं असतं, साध्या हिमॅटोक्रिटच्या हिशोबाने. ५५ च्या वर गेलं की रक्तात प्लाझ्मा (पेशी सोडून उरलेला पातळ भाग) कमी राहतो, सायट्रेट जास्त होतं आणि पीटी उगाच लांबलेला दिसतो. १.८ मिली रक्ताला ०.२ ऐवजी साधारण ०.१४ मिली सायट्रेट लागेल. हे घाईच्या वेळी कुणी करत नाही, सांगावं लागतं. सुई टोचण्याआधी ‘हिमॅटोक्रिट ५७ आहे’ एवढं म्हणा, जाणकार माणूस समजतो. तरीही लांबलेला आला तर मग तो खरा धरायचा, कारण या मुलांत गोठण्याचे घटक खरोखरही कमी असू शकतात.

प्लेटलेट या आजारात थोड्या कमी असतातच. त्या बनवणाऱ्या मोठ्या पेशींपैकी बऱ्याच फुप्फुसांत फुटतात, आणि इथे काही रक्त फुप्फुसांना वळसा घालून जातं, असं त्याचं कारण मानतात. १ लाख १८ हजारांवर आपोआप रक्तस्राव सहसा होत नाही. फक्त काचेवर स्मिअर (रक्ताचा पातळ थर) सूक्ष्मदर्शकाखाली बघून घ्यायला सांगा, प्लेटलेटच्या गुठळ्या झाल्या असतील तर मशीन कमी मोजतं. तापाला मनाने ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन देऊ नका.

एक गोष्ट मात्र रिपोर्टपेक्षा मोठी. तुमच्या जत भागातला एप्रिल-मे आणि हिमॅटोक्रिट ५७, हे जमत नाही. पाणी कमी पडलं की रक्त आणखी घट्ट होतं. जुलाब-उलट्या लागल्या तर ओआरएस देत देत त्याच दिवशी डॉक्टर गाठा, सलाईन लवकर लागू शकतं. ऑपरेशनच्या दिवशी उपाशी ठेवतील, तेव्हा पाणी किती वाजेपर्यंत चालेल आणि नंबर सकाळी पहिला मिळेल का, हे आधीच विचारा.

फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा दाखवणारी तपासणी) केलं की सोबत सीआरपीही (अंगातली सूज-संसर्ग दाखवणारी) करा. सर्दी-ताप असताना फेरिटिन खोटं वाढतं. दोन्ही आकडे इथे टाका, मी बघतो.