चाकांवरचं घर आणि 'घरातच थांबा'चा हुकूम

मागच्या अंकात आमच्या आरव्हीतल्या, म्हणजे राहायची सोय असलेल्या गाडीतल्या, संसाराबद्दल लिहिलं होतं. 2018 मध्ये ह्यूस्टनचं घर विकून आम्ही दोघं 28 फुटी मोटरहोममध्ये राहायला गेलो, त्याची गोष्ट. त्यावर खूप पत्रं आली, आणि गंमत म्हणजे निम्म्याहून जास्त लोकांनी फिरण्याबद्दल विचारलंच नाही, विचारलं ते 2020 बद्दल, कोरोनाच्या दिवसांबद्दल. म्हणून यावेळी फक्त तेच प्रश्न घेतेय.

ताई, सगळ्या जगाला 'घरातच थांबा' सांगितलं तेव्हा तुमचं घर तर रस्त्यावर होतं. मग तुम्ही थांबलात कुठे? (एक वाचक, नाशिक)

हाच तर खरा प्रश्न होता हो दादा! आमच्याकडे घर होतं पण जमीन नव्हती. भाजीवाल्याची गाडी उभी करायलाही जागा लागते ना, तसंच आहे, घर चाकांवर असलं तरी रात्री ते कुणाच्या तरी जागेतच उभं राहतं, आणि मार्च 2020 मध्ये त्या जागाच एकेक करून बंद व्हायला लागल्या.

आम्ही तेव्हा अमेरिकेतल्या युटा राज्यात होतो, मोअॅब नावाच्या गावाला चाललो होतो. आर्चेस आणि कॅनियनलँड्स ही दोन नॅशनल पार्क तिथून जवळ, वसंतात तिथे मुंगीला शिरायला जागा नसते. 17 मार्चला तिथल्या आरोग्य खात्याने बाहेरच्या लोकांना हॉटेलं आणि कॅम्पिंग दोन्ही बंद केलं. आम्ही अर्ध्या वाटेवर, संध्याकाळ झालेली, आणि फोनवर हे वाचलं. खरं सांगते, त्या रात्री मला फार राग आला होता, वाटलं की आम्ही काय रोग घेऊन फिरतोय का. मग कारण कळलं. मोअॅबचं हॉस्पिटल 17 खाटांचं, त्यात आयसीयू नाही. गाव छोटं आणि येणारे पाहुणे हजारोंनी. त्यातले चार जण जरी गंभीर झाले तरी त्यांना ठेवणार कुठे, आणि गावातल्या म्हाताऱ्या माणसाला खाट कुठून मिळणार? त्यांचं बरोबर होतं, शंभर टक्के बरोबर होतं, आणि पुढे कुठल्याही गावाने नको म्हटलं की मी कपाळाला आठी न घालता गाडी वळवायला शिकले.

मग पटापट सगळंच मिटत गेलं. कॅलिफोर्नियाने स्टेट पार्कांतली कॅम्पग्राउंड्स बंद केली, मग मोठी नॅशनल पार्क, 20 मार्चला योसेमिटी बंद, 24 ला यलोस्टोन, 1 एप्रिलला ग्रँड कॅनियन. फ्लोरिडा कीज या बेटांवर तर रस्त्यावर नाका लावून बाहेरच्यांना परत पाठवत होते. आमच्यासारखे जे कायम आरव्हीतच राहतात, ज्यांना इथे फुलटायमर म्हणतात, त्यांची फार धावपळ झाली कारण त्यांना परत जायला दुसरं घरच नाही. सुट्टीवाला घरी जातो, आम्ही जायचं कुठे?

आम्ही दक्षिणेला निघालो. वाट नवाहो या अमेरिकेतल्या मूळ रहिवासी लोकांच्या प्रदेशातून जाते. त्यांनी आपली पर्यटनस्थळं बंद केली होती. तिथे कितीतरी घरांत अजून नळाचं पाणी नाही, लोक पिंपं भरून आणतात, आणि मे महिन्यापर्यंत तिथलं लागणीचं प्रमाण लोकसंख्येच्या हिशोबाने न्यूयॉर्क राज्याच्याही वर गेलं होतं. आम्ही आधीच टाकी फुल करून घेतली, डबा गाडीतच खाल्ला, कुठेही न उतरता पलीकडे गेलो. एक रात्र ट्रक स्टॉपवर काढली. दुसऱ्या दिवशी ॲरिझोनातल्या टूसॉनजवळ एका खासगी आरव्ही पार्कने महिन्याच्या भाड्यावर जागा दिली, म्हणाले पूल बंद, क्लबहाऊस बंद, लाँड्री एकावेळी एकालाच, चालेल का. मी म्हटलं चालेल, पळेल, सगळं होईल! तिथे आम्ही मेच्या शेवटापर्यंत होतो. गाडी घेतल्यापासून एका जागी इतके दिवस पहिल्यांदाच.

पाणी, टॉयलेट, किराणा, कपडे… रोजचं कसं चालायचं? प्लीज डिटेलमध्ये लिहा, आम्हाला कल्पनाच करता येत नाही. (एक वाचक, डोंबिवली)

लिहिते, हा माझ्या आवडीचा विषय आहे. आमच्या गाडीला तीन टाक्या. फ्रेश टँकमध्ये चांगलं पाणी, साधारण 150 लिटर. ग्रे टँकमध्ये बेसिनचं आणि आंघोळीचं वापरलेलं पाणी. आणि ब्लॅक टँक म्हणजे संडासची. पार्कमध्ये हुकअप असतात, नळ, वीज आणि ड्रेनेज थेट जोडायचं, त्यामुळे टूसॉनला काही त्रास नव्हता. पण जूनमध्ये तिथे पत्रा तापून आत एसीही दमायला लागला, म्हणून आम्ही फ्लॅगस्टाफजवळच्या सरकारी जंगलात गेलो, उंचावर, पाईनच्या झाडांत. तिथे फुकट राहता येतं पण सलग 14 दिवसच, आणि नळ नाही, वीज नाही, काहीच नाही. याला बून्डॉकिंग म्हणतात.

आणि तिथे खरी परीक्षा झाली. सगळे सांगत होते वीस सेकंद हात धुवा, दिवसातून दहादा धुवा, बरोबरच होतं, पण 150 लिटरमध्ये दोन माणसांचा आठवडा काढायचा असतो! नळ सुरू ठेवून हात धुतले तर बघता बघता फ्रेश टँक रिकामी आणि ग्रे टँक भरलेली, म्हणजे दोन्हीकडून मार. मग मी दाराबाहेर तोटीचा एक कॅन टांगला, खाली साबणाची वडी जाळीत बांधली. बारीक धार सोडायची, हात ओले करायचे, तोटी बंद, वीस आकडे मोजत साबण चोळायचा, मग परत बारीक धार. एका पेल्यात हात धुऊन व्हायचे. माझ्या आजीकडे सोलापूरला पाण्याचे असेच हाल असायचे, मोरीवर कळशी आणि तांब्या, तोच हिशोब पन्नास वर्षांनी उपयोगाला आला. भांडी घासायच्या आधी जुन्या सुती साडीच्या फडक्याने पुसून घ्यायचे, पेपर टॉवेल मिळतच नव्हते.

टॉयलेट पेपरसाठी दुकानात रांगा लागल्या होत्या, ते तुम्ही बातम्यांत पाहिलंच असेल. आपल्याला तांब्याची सवय, आमचं काही अडलं नाही. पण पार्कमधले शेजारी ओले वाईप्स वापरायला लागले आणि ते ब्लॅक टँकमध्ये टाकायला लागले, पाकिटावर फ्लशेबल लिहिलेलं असतं म्हणून. ते विरघळत नाहीत हो. टाकीत गोळा होऊन बसतात, व्हॉल्व्हमध्ये अडकतात, आणि मग ज्या दिवशी डंप करायला, म्हणजे टाकी रिकामी करायला, हँडल ओढता त्या दिवशी काहीच बाहेर येत नाही. दोन शेजाऱ्यांचं असं झालेलं मी पाहिलं, आणि त्या दिवसांत दुरुस्तीवाला यायला तीन तीन आठवडे.

अजून एक गोष्ट कुणाच्या लक्षात येत नाही. डंप करताना आम्ही नेहमी वापरून टाकायचे हातमोजे घालतो. 2020 मध्ये ते गायबच झाले, आणि हॉस्पिटलांना मिळत नसताना आपण शोधत फिरणं मला बरं वाटेना. मग जाड रबरी मोजे घेतले, बाहेरच वेगळ्या बादलीत ब्लीचच्या पाण्यात धुवायचे, बाहेरच वाळवायचे. रस्त्याकडेची कितीतरी डंप स्टेशनं बंद होती, त्यामुळे निघायच्या आधी फोन करून विचारल्याशिवाय गाडी हलवायचीच नाही असा नियम केला होता. तो अजून पाळतो.

किराण्याचं म्हणाल तर लोक महिन्याचं भरून ठेवत होते, आमचा फ्रीज कमरेएवढा, काय भरणार? दर आठवड्याला दुकानात जाणं भागच, म्हणजे धोका जास्त. मी डाळ-तांदळावर आले. पलंगाखालच्या खणात मूग, मटकी, तूरडाळ, गव्हाचं पीठ, आणि मोड आणायला एक पंचा. ताजी भाजी मिळाली नाही की उसळ. मिरची-कोथिंबीर डब्यात लावून खिडकीत ठेवली होती, गाडी निघाली की डबा सिंकमध्ये.

2020 च्या मार्चमध्ये माझे सासू-सासरे इथे आले होते आणि विमानं बंद झाल्यामुळे अडकले. ऑगस्टमध्ये त्यांना घेऊन आरव्हीने फिरायचं ठरवलं तर कुठे भाड्याने मिळेना, मिळाली तर दुप्पट भाडं. एवढं काय झालं होतं? (एक वाचक, न्यू जर्सी)

तुमच्यासारखी किती घरं मला माहितीयेत! भारताने 22 मार्चपासून आंतरराष्ट्रीय विमानं थांबवली, मेमध्ये अडकलेल्यांना परत नेणारी वंदे भारतची विमानं सुरू झाली पण त्यात नंबर लागेपर्यंत जीव टांगणीला. इकडे व्हिसाची सहा महिन्यांची मुदत संपत आलेली, तिकडे आय-539 फॉर्म भरून मुदतवाढ मागायची, आणि म्हातारी माणसं चार भिंतींत, ना देऊळ ना शेजार.

त्यांना घेऊन बाहेर पडायचं तर आरव्हीसारखं दुसरं काही नव्हतं. आपलं संडास आपल्याबरोबर, आपला बिछाना, आपलं स्वयंपाकघर, हॉटेलच्या लिफ्टमध्ये शिरायला नको. हे सगळ्या अमेरिकेच्या एकाच वेळी लक्षात आलं. आणि गंमत बघा, मार्चच्या शेवटी इंडियानातल्या एल्कहार्टमधले कारखाने, जिथे या देशातल्या बहुतेक आरव्ही बनतात, बंद पडले होते, सगळ्यांना वाटलं धंदा बुडाला. मेमध्ये उघडले आणि मागणी पुरी करता करता त्यांच्या नाकी नऊ आले. 2020 मध्ये मधले दोन महिने वाया जाऊनही जवळपास 4 लाख 30 हजार गाड्या कारखान्यातून बाहेर पडल्या आणि 2021 मध्ये 6 लाखांवर, आजवरचा विक्रम. घाईघाईत बनलेल्या त्या गाड्यांमध्ये गळकी छपरं, सैल स्क्रू असं बरंच निघालं, असं आमच्या ओळखीचे मेकॅनिक सांगतात. 2023 मध्ये आकडा 3 लाख 13 हजारांवर आला. हौसेने घेतलेल्या कितीतरी गाड्या नंतर विकायला निघाल्या.

गर्दी पण तशीच. नवी माणसं आली ती आनंदाचीच गोष्ट, पण फ्लॅगस्टाफच्या जंगलात जिथे आम्ही आधी एकटे असायचो तिथे 2020 च्या जुलैत झाडाआड कचऱ्याच्या पिशव्या आणि त्याहून वाईट गोष्टी दिसायला लागल्या. शिकवायला कुणी नव्हतं, रेंजरही कमी. आम्ही दोघं रोज सकाळी एक पिशवी भरून कचरा उचलायचो. वाईट वाटायचं, अजूनही वाटतं.

आम्ही कॅनडात असतो. आमचे शेजारी दरवर्षी हिवाळ्यात आरव्ही घेऊन ॲरिझोनाला जातात, त्या वर्षी त्यांनी काय केलं असेल? (एक वाचक, कॅलगरी)

21 मार्च 2020 ला दोन देशांतली जमिनीवरची सीमा बिनमहत्त्वाच्या प्रवासाला बंद झाली. आमच्या पार्कमधले कॅनडावाले त्या आठवड्यात रातोरात निघाले, वाटेत कुठेही न थांबता, घरी पोचल्यावर 14 दिवस क्वारंटाइन. पुढच्या हिवाळ्यात विचित्रच झालं, अमेरिकेत गाडीने यायला बंदी पण विमानाने यायला परवानगी, म्हणून काही जण विमानाने आले आणि त्यांच्या गाड्या वाहतूक कंपन्यांनी सीमेपलीकडे आणून दिल्या. बहुतेक मात्र घरीच राहिले. अमेरिकेने जमिनीची सीमा 8 नोव्हेंबर 2021 ला, लस घेतलेल्यांसाठी, उघडली.

पुण्यात कॅरॅव्हॅन भाड्याने घेऊन कोकणात जायचा विचार आहे, काय विचारून घ्यावं? (एक वाचक, पुणे)

जरूर जा. महाराष्ट्राने 2021 मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं आहे. भाड्याने देणाऱ्याला पहिला प्रश्न विचारा की टाकी रिकामी करायची कुठे, आणि त्याचं उत्तर गुळमुळीत आलं तर घेऊ नका. नदीत किंवा रस्त्याच्या कडेला अजिबात सोडायची नाही. रात्री गाडी कुठे लावणार ते आधी ठरवा, ज्याच्या अंगणात लावाल त्याला विचारून.

आजारी पडलात तर? लस कुठे घेतलीत? भीती वाटली नाही का? (एक वाचक, सांगली)

वाटली ना. आमचा कायमचा पत्ता टेक्सासमधल्या लिव्हिंगस्टनचा, फुलटायमर लोकांची टपाल सोय तिथे असते, त्यामुळे कागदावर आम्ही तिथले, प्रत्यक्षात हजार मैल लांब. माझा इन्शुरन्स टेक्सासबाहेर फक्त इमर्जन्सीला चालायचा. ह्याला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, मेडिकेअर हा ज्येष्ठांचा सरकारी विमा होता म्हणून बरं, डॉक्टरशी व्हिडिओवर बोलता यायचं. जानेवारी 2021 मध्ये फ्लोरिडाने लसीसाठी तिथल्या रहिवासाचा पुरावा मागायला सुरुवात केली. आम्ही सरळ टेक्सास गाठलं. ह्याला 65 च्या वरचा म्हणून आधी मिळाली, 50 च्या वरच्यांना 15 मार्चपासून सुरू झाली तेव्हा मला.

पण भीतीबद्दल विचारलंत म्हणून सांगते. टूसॉनला आमच्या पलीकडच्या जागेवर एक छोटा ट्रेलर आला होता. हॉस्पिटलमध्ये नर्स होती ती, घरी दोन लहान मुलं, म्हणून घर सोडून एकटी ट्रेलरमध्ये राहत होती. ट्रेलर तिचा नव्हता, कुणी अनोळखी माणसाने वापरायला दिला होता. त्या वसंतात देशभर लोकांनी आपल्या गाड्या डॉक्टर-नर्सना अशा फुकट दिल्या, फेसबुकवर आरव्हीज फॉर एमडीज म्हणून ग्रुपच होता त्यासाठी. ती रात्रपाळी करून सकाळी आठला यायची, कपडे बाहेरच पिशवीत टाकायची. तिला टाकी कशी रिकामी करायची माहीत नव्हतं, ह्याने दहा फुटांवरून ओरडून ओरडून शिकवलं. मी दाराशी डबा ठेवायचे, खिचडी, कधी साबुदाण्याची, कधी मुगाची. दर रविवारी दुपारी तिचा नवरा मुलांना घेऊन यायचा, ती कुंपणाच्या आत खुर्ची टाकून बसायची आणि मुलं बाहेर डांबरी रस्त्यावर खडूने चित्रं काढायची, मोठी मोठी, तिला खुर्चीतून दिसावीत अशी. पार्कच्या मालकाने तो रस्ता मेच्या शेवटापर्यंत धुतला नाही.