राखणदार नेमायचा कुणी? थायलंडविषयी वाचकांचे प्रश्न

29 ऑगस्ट 2025 रोजी थायलंडच्या घटनात्मक न्यायालयानं पैतोंगतार्न शिनावात्रा यांना पंतप्रधानपदावरून दूर केलं. त्यानंतर आलेल्या पत्रांपैकी काहींना इथे उत्तरं देत आहोत.

प्रश्न : थायलंडचे पंतप्रधान निवडणूक हरून कमी आणि न्यायालयाच्या निकालानं जास्त जातात असं दिसतं. तिथे अविश्वास ठराव नसतो का? (वाचक, सातारा)

असतो. त्यावरची भाषणं दिवसच्या दिवस चालतात. पण पंतप्रधान घरी जातात ते दुसऱ्याच वाटेनं. 2008 पासून घटनात्मक न्यायालयाच्या निकालानं पाच जणांचं पद गेलं: समक सुंदरवेज, सोमचाई वोंगसावत, यिंगलक शिनावात्रा, स्रेठा थाविसिन आणि आता पैतोंगतार्न. समक यांचं कारण ऐकून आजही लोक हसतात. ते टीव्हीवर स्वयंपाकाचा कार्यक्रम करत आणि त्याचं मानधन घेत. पंतप्रधानाला दुसरी नोकरी करता येत नाही, म्हणून ‘नोकर’ या शब्दाचा अर्थ न्यायालयानं शब्दकोशात पाहिला आणि पद काढून घेतलं.

आजची वाट 2017 च्या राज्यघटनेतली आहे. कोणत्याही एका सभागृहाच्या एक दशांश सदस्यांनी सह्या केल्या की पंतप्रधानांना अपात्र ठरवण्याचा अर्ज सभापतींमार्फत न्यायालयात जातो. न्यायालय तो दाखल करून घेताना पंतप्रधानांना निलंबितही करू शकतं. नऊ न्यायाधीश बहुमतानं निकाल देतात आणि त्यावर अपील नाही. 200 जणांच्या सिनेटमध्ये (वरच्या सभागृहात) एक दशांश म्हणजे फक्त 20 सह्या. पैतोंगतार्न यांच्याविरुद्ध 36 सिनेटरांनी सह्या केल्या होत्या. कंबोडियाचे माजी पंतप्रधान हुन सेन यांच्याशी सीमावादावर फोनवर बोलताना त्यांनी आपल्याच सेनाधिकाऱ्याला विरोधी बाजूचा म्हटलं होतं आणि ते बोलणं फुटलं. 6 विरुद्ध 3 मतांनी त्या गेल्या.

खरी ग्यानबाची मेख कलम 160 मध्ये आहे. मंत्री ‘उघडपणे सचोटीचा’ हवा आणि त्याच्याकडून नैतिक मानकांचा गंभीर भंग झालेला नसावा, असं ते सांगतं. ही मानकं लिहिली कुणी? घटनात्मक न्यायालयानं आणि स्वतंत्र आयोगांनी. नियम लिहिणारे आणि निकाल देणारे एकच. स्रेठा 14 ऑगस्ट 2024 रोजी याच कलमावर 5 विरुद्ध 4 मतांनी गेले. पिचित चुएनबान या वकिलाला त्यांनी मंत्री केलं होतं. न्यायालयीन कर्मचाऱ्यांना खाऊच्या पिशवीतून 20 लाख बाट (थाई चलन) देऊ केल्याच्या प्रकरणात 2008 मध्ये या वकिलानं सहा महिने तुरुंगवास भोगला होता. असा माणूस मंत्रिमंडळात घेणं निर्लज्जपणाचं होतं, यात वाद नाही. पण त्याची शिक्षा संसदेनं आणि मतदारांनी द्यायची की नऊ जणांनी, हाच तिथला वाद आहे.

प्रश्न : सिनेटची नवी निवडणूक लोकांनी मत न देताच झाली म्हणतात. ही काय भानगड आहे? (वाचक, म्हापसा)

आधीच्या 250 सिनेटरांना 2014 च्या लष्करी राजवटीनं नेमलं होतं आणि पंतप्रधान निवडताना त्यांनाही मत होतं. त्यामुळे 2023 च्या निवडणुकीत 151 जागा मिळवून पहिल्या आलेल्या मूव्ह फॉरवर्ड पक्षाचे पिता लिमजारोएनरात 324 मतांवर अडले. बहुमताला हवी होती 375. मे 2024 मध्ये त्या सिनेटची मुदत संपली आणि नवी पद्धत आली. तिच्यात उमेदवारच मतदार. सामान्य नागरिकाला मत नाही.

वय किमान 40, आपल्या क्षेत्रातला 10 वर्षांचा अनुभव, शुल्क 2,500 बाट. शेतकरी, शिक्षक, वकील, महिला अशा 20 गटांपैकी एका गटात नाव घालायचं. प्रचार म्हणून दोन पानांची ओळख, बाकी जवळपास सगळ्यावर बंदी. पहिली फेरी तालुक्यात: आधी आपल्याच गटात मतदान, त्यातले पहिले पाच पुढे. मग चिठ्ठ्या टाकून गटांच्या ओळी लावतात आणि आता आपल्या गटाला नव्हे, ओळीतल्या इतर गटांना मत द्यायचं. प्रत्येक गटातले तीन प्रांतात जातात. तिथे हाच खेळ पुन्हा होऊन गटामागे दोन जण बँकॉकला येतात. 26 जून 2024 च्या शेवटच्या फेरीत गटामागे दहा, म्हणजे 20 गटांतून 200 सिनेटर निवडले गेले.

गटाबाहेर मत देण्याची सोय का केली? एखाद्या व्यवसायातल्या टोळीनं आपापसांत जागा वाटून घेऊ नयेत म्हणून. घडलं नेमकं उलटं. मतदार इतके थोडे, की कुणी शुल्क भरून आपली माणसं उभी केली आणि कुठल्या क्रमांकाला मत द्यायचं त्याची यादी हातात दिली, तर निकाल हाताशी येतो. तालुक्यात अनेकांना शून्य मतं पडली. म्हणजे त्यांनी स्वतःलाही मत दिलं नव्हतं! मग ते उभे कशाला राहिले होते? एकट्या बुरीराम प्रांतातून 14 सिनेटर आले. हा प्रांत भूमजैथाई पक्षाचा बालेकिल्ला. मार्च 2025 मध्ये विशेष तपास विभागानं काळ्या पैशाच्या अंगानं प्रकरण हाती घेतलं, निवडणूक आयोगाची चौकशी वेगळी चालली. पक्षानं आरोप नाकारले आहेत. थाई लोक अशा संगनमताला ‘हुआ’ म्हणतात. टेंडर भरणारे ठेकेदार आपापसांत दर ठरवतात त्यालाही हाच शब्द.

हे इतकं सविस्तर सांगायचं कारण एवढंच, की घटनात्मक न्यायालयाचे नऊ न्यायाधीश, भ्रष्टाचारविरोधी आयोगाचे नऊ आणि निवडणूक आयोगाचे सात सदस्य, या सगळ्यांच्या नेमणुकीवर शिक्का सिनेटचा लागतो. सिनेटरांची चौकशी निवडणूक आयोग करतो आणि त्या आयोगातल्या रिकाम्या जागा भरायच्या सिनेटनंच.

प्रश्न : आमच्या जिल्ह्यात धानाच्या आधारभूत खरेदीत घोळ नेहमीचेच. थायलंडच्या तांदूळ घोटाळ्यात नेमकं काय झालं? (वाचक, भंडारा)

तुमच्या जिल्ह्यातल्या माणसाला हे लवकर कळेल. यिंगलक सरकारनं ऑक्टोबर 2011 पासून साध्या धानाला टनामागे 15,000 बाट आणि सुवासिक होम मालीला 20,000 बाट जाहीर केले. बाजारभावाच्या जवळपास दीडपट. नाव ‘तारण योजना’, पण एवढ्या भावात तारण सोडवायला कोण येणार? ती खरेदीच होती, आणि सरकारनं दाणा न दाणा घेण्याचं वचन दिलं होतं.

शेतकरी नोंदणी करून धान गिरणीवर नेतो. गिरणीवाला वजन करतो, ओलावा मोजतो आणि पावती देतो. पावती दाखवली की शेती बँक पैसे देते. गिरणी भरडून तांदूळ सरकारी गोदामात पाठवते आणि तो विकायचं काम वाणिज्य मंत्रालयाचं. गळती प्रत्येक सांध्यावर. नोंदणीत नसलेली शेतं दाखवली. भाव 15 टक्के ओलाव्याच्या हिशेबात होता, तेव्हा ओलावा त्याहून जास्त दाखवून शेतकऱ्याचं वजन कापलं. सीमेपलीकडचा स्वस्त तांदूळ आत आला. गोदामातला माल गुपचूप बाहेर काढून पुन्हा तारण ठेवला गेला. देवळाभोवती मेणबत्त्या घेऊन प्रदक्षिणा घालतात तिला थाई भाषेत ‘वियन थियन’ म्हणतात. या फिरत्या तांदळालाही तेच नाव पडलं.

सगळ्यात मोठा डल्ला होता सरकार ते सरकार विक्रीच्या नावाखाली. कागदावर तांदूळ चीनच्या सरकारी कंपन्यांना विकला. पण अशा व्यवहारात पैसे परदेशातून पतपत्रानं (खरेदीदाराच्या बँकेच्या हमीपत्रानं) येतात आणि माल बंदरात जहाजावर चढतो. इथे पैसे आले थायलंडमधल्याच बँकांच्या धनादेशांनी आणि माल उचलला गोदामाच्या दारातून. तो देशातच विकला गेला. तेव्हाचे वाणिज्यमंत्री बूनसोंग यांना 2017 मध्ये 42 वर्षांची शिक्षा झाली.

योजनेचं गणित आणखी एका गृहीतावर उभं होतं: थायलंडनं माल अडवला की जगात भाव चढतील. सप्टेंबर 2011 मध्ये भारतानं बिगरबासमती तांदळाची निर्यात खुली केली आणि ते गृहीत कोसळलं. 2012 मध्ये निर्यातीत भारत पहिला आला, थायलंडचं वर्षानुवर्षांचं स्थान गेलं. 2014 च्या लष्करी उठावानंतर मोजणी झाली तेव्हा गोदामांत सुमारे 1 कोटी 80 लाख टन तांदूळ पडून होता.

यिंगलक यांच्यावर पैसे खाल्ल्याचं सिद्ध झालं नाही. धोक्याचे इशारे मिळूनही त्यांनी योजना थांबवली नाही, हा निष्काळजीपणा मानून पाच वर्षांची शिक्षा झाली, त्यांच्या गैरहजेरीत. मे 2025 मध्ये सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयानं त्यांना सुमारे 1,000 कोटी बाट भरपाई भरायला सांगितलं. चोरीला शिक्षा हवीच. पण वाईट धोरणाला तुरुंग, ही रीत पडली तर ती फक्त निवडून आलेल्यांनाच लागू होते. सैन्यानं केलेल्या खर्चाचा हिशेब असा कुणी मागितलेला दिसत नाही. 2017 च्या शेवटापासून तेव्हाचे उपपंतप्रधान जनरल प्रवित यांच्या मनगटावर वीसहून अधिक महागडी घड्याळं मोजली गेली. मालमत्तेच्या विवरणात ती नव्हती. दिवंगत मित्राकडून उसनी घेतली होती हे उत्तर भ्रष्टाचारविरोधी आयोगानं मान्य केलं.

प्रश्न : मतांसाठी पैसे तिथेही वाटतात का? (वाचक, कोल्हापूर)

आपल्याकडे जे लक्ष्मीदर्शन, ते तिकडे ‘कुत्री रडण्याची रात्र’. मतदानाच्या आदल्या रात्री पक्षाचे हस्तक घरोघर फिरतात आणि गावातली कुत्री रात्रभर भुंकतात, म्हणून हे नाव. हस्तक म्हणजे ‘हुआ खानेन’, बहुधा गावचा पाटील किंवा दुकानदार. प्रांतातल्या मातब्बर घराण्याला ‘बान याई’ म्हणतात, शब्दशः मोठं घर, आपल्या भाषेत वाडा. पैसे घेऊन बाजू बदलणारा खासदार ‘नाग’. पक्षानं काढून टाकलं तरी 30 दिवसांत दुसरा पक्ष गाठला की त्याची खासदारकी शाबूत, म्हणून हे नाग मुद्दाम हकालपट्टी ओढवून घेतात. पोलिसांचा हप्ता म्हणजे ‘सुआय’. जादा वजनाच्या ट्रकच्या काचेवर विशिष्ट स्टिकर असला की ट्रक अडवायचा नाही, ही त्याची पद्धत 2023 मध्ये चव्हाट्यावर आली.

प्रश्न : भूकंपात पडलेली बँकॉकची इमारत खरंच हिशेब तपासणाऱ्या खात्याची होती? (बांधकाम क्षेत्रातील वाचक, ठाणे)

हो, राज्य लेखापरीक्षण कार्यालयाची. कुंपणच शेत खातं म्हणतात ते असं. 28 मार्च 2025 रोजी म्यानमारमधला भूकंप 1,000 किलोमीटरवर झाला आणि बँकॉकमध्ये पूर्ण कोसळलेली बहुमजली इमारत ही एकच. ठेका 213 कोटी बाटहून अधिक, थाई आणि चिनी कंपनीला मिळून दिलेला. आक्षेप तीन: लिफ्टच्या भिंतींची रचना आणि ताकद, चाचणीत नापास झालेले लोखंडाचे नमुने आणि बेनामी भागधारक. परदेशी मालकी निम्म्याखाली ठेवायचा कायदा असल्यानं नावापुरते थाई मालक दाखवायची वाट तिथे जुनी आहे. ऑगस्ट 2025 मध्ये आरोपपत्र दाखल झालं, दोष ठरायचा आहे.

या कामावर सचोटी करारानुसार (सरकारी कामात भ्रष्टाचार होऊ नये म्हणून केलेल्या करारानुसार) बाहेरचे निरीक्षकही होते. असे निरीक्षक टेंडर, दर उघडणं, करार, मुदतवाढ हे कागद पाहतात. काँक्रीटचा घन फोडून पाहणं त्यांच्या कामात नसतं.

प्रश्न : नोकरीसाठी बँकॉकला जातोय. या वादांवर बोलताना काय सांभाळायचं? (वाचक, पुणे)

सरकार, पक्ष, सैन्य यांवर गप्पा सर्रास चालतात. राजघराण्याबद्दल मात्र थट्टा, चित्र, शेअर केलेली पोस्ट, काहीही नको. दंडसंहितेच्या कलम 112 खाली एका गुन्ह्याला 3 ते 15 वर्षं आहेत आणि तक्रार कुणीही करू शकतो. ते परदेशी माणसालाही लागू आहे. याच कलमात बदल सुचवला म्हणून 7 ऑगस्ट 2024 रोजी मूव्ह फॉरवर्ड विसर्जित झाला आणि 11 पदाधिकाऱ्यांवर 10 वर्षांची बंदी आली. उरलेल्या 143 खासदारांनी दोनच दिवसांत पीपल्स पार्टी उभी केली. रस्त्यात पोलिसानं अडवलं तर दंडाची चिठ्ठी मागा आणि रीतसर भरा. चिरीमिरी देऊ नका: कलम 144 खाली लाच देणाऱ्यालाही पाच वर्षांपर्यंत कैद आहे. पर्यटक पोलिसांचा क्रमांक 1155.

प्रश्न : एवढं सगळं माहीत असून राज्यघटना बदलत का नाहीत? (वाचक, नागपूर)

कारण कुलपाची किल्ली कुलपातच ठेवली आहे. कलम 256 प्रमाणे दोन्ही सभागृहांचं मिळून बहुमत हवंच, शिवाय सिनेटच्या एक तृतीयांश, म्हणजे 67 सदस्यांची संमती आणि शेवटच्या वाचनात विरोधी पक्षांच्या 20 टक्के खासदारांचीही. न्यायालय आणि आयोगांच्या अधिकारांना हात लावायचा तर वर सार्वमत. 2017 नंतर पहिल्या आठ वर्षांत यातून पार पडली ती एकच दुरुस्ती, 2021 ची, दोन मतपत्रिकांची (एक उमेदवाराला, एक पक्षाला). ती मोठ्या पक्षांच्या सोयीची होती.

पूर्ण नवी घटना लिहायची तर लोकांना तीन गोष्टी विचाराव्या लागतील, असं न्यायालयानं 10 सप्टेंबर 2025 रोजी सांगितलं: नवी हवी का, पद्धत कोणती आणि मसुदा मान्य आहे का. पहिले दोन प्रश्न एकाच दिवशी विचारता येतील. मसुदा समिती मात्र लोकांनी थेट निवडायची नाही. 1997 ची घटना लिहिताना जनतेशी देशभर सल्लामसलत झाली होती आणि भ्रष्टाचारविरोधी आयोग, घटनात्मक न्यायालय या संस्था तिनंच दिल्या. त्या घटनेत सिनेटही लोकांनी थेट निवडायची होती.

जाता जाता एक आकडा. ट्रान्स्परन्सी इंटरनॅशनलच्या 2014 च्या भ्रष्टाचारविषयक यादीत (जास्त गुण म्हणजे कमी भ्रष्टाचार) भारत आणि थायलंड दोघेही 38 गुणांसह 85 व्या जागी होते. त्याच वर्षी मे महिन्यात तिथे सैन्यानं सत्ता घेतली होती आणि भ्रष्टाचार निपटणं हे त्याचं एक मोठं कारण सांगितलं होतं. 2024 मध्ये भारत 38 वरच होता. थायलंड 34 गुणांवर, 107 वा.