वाचकांचे प्रश्न : पेशींचे स्वभक्षण, उपवास आणि कर्करोगाचा प्रसार

प्रश्न : माझ्या थोरल्या जाऊबाईंची स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया जानेवारीत झाली असून सध्या केमोथेरपी चालू आहे. ‘उपवास केला की पेशी स्वतःतली घाण खाऊन टाकतात, त्यामुळे कर्करोग पसरत नाही, या शोधाला २०१६ साली नोबेल मिळाले’ असा संदेश त्यांना कुणीतरी पाठवला. तेव्हापासून त्या रोज सोळा तास काही खात नाहीत, आणि सोमवार-गुरुवार केवळ साबुदाण्यावर काढतात. वजन ५८ किलोवरून ५२ वर आले आहे. या संदेशात तथ्य आहे का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : संदेशातले नोबेल खरे आहे, त्यातून काढलेला निष्कर्ष खरा नाही. मात्र शास्त्राकडे वळण्याआधी एक विनंती करतो. सहा किलो म्हणजे मूळ वजनाच्या दहा टक्क्यांहून अधिक घट झाली; तेव्हा पुढच्या केमोच्या तारखेची वाट न पाहता ही गोष्ट त्यांच्या डॉक्टरांच्या कानावर घाला.

शाळेच्या पुस्तकात लयकारिकांना (लायसोसोम, पेशीतल्या पाचक पिशव्या) ‘आत्मघाती पिशव्या’ म्हटलेले अनेकांना आठवत असेल. पेशीतली मोडकी प्रथिने आणि निकामी झालेल्या तंतुकणिका यांच्याभोवती एक दुहेरी पटल तयार होते, ते गाठोडे लयकारिकेशी जोडले जाते, आतला माल तिथे पचतो आणि त्यातून निघालेली अमिनो आम्ले पेशी पुन्हा कामाला लावते. या व्यवस्थेला ख्रिश्चन द द्यूव्ह यांनी १९६३ साली ‘ऑटोफॅजी’, म्हणजे स्वभक्षण, असे नाव दिले. योशिनोरी ओसुमी यांना २०१६ चे नोबेल मिळाले ते ही व्यवस्था उलगडल्याबद्दल, आणि ती चालवणारी जनुके त्यांनी शोधली ती यीस्टच्या पेशींत. उपाशी ठेवले होते ते यीस्टला.

स्वभक्षण कर्करोगापासून संरक्षण देते, ही समजूत निराधार मात्र नाही. बेथ लेव्हिन यांच्या गटाने १९९९ साली दाखवले, की स्वभक्षणासाठी लागणारे बेक्लिन-१ हे प्रथिन गाठींची वाढ रोखते. पुढे २००३ साली, ज्या उंदरांत या जनुकाची एकच प्रत शिल्लक होती त्यांच्यात गाठी अधिक प्रमाणात झाल्याचे दिसले. निरोगी पेशीत कचरा साचला नाही तर जनुकांना होणारी इजा कमी राहते. पण हे झाले गाठ होण्यापूर्वीचे. गाठ झाली, की तीच व्यवस्था कर्करोगाच्या पेशीच्याही हाती असते, आणि ती पेशी तिचा उपयोग स्वतःच्या बचावासाठी करते.

पसरू पाहणाऱ्या पेशीचा प्रवास टप्प्याटप्प्याने पाहिला तर हे नीट कळेल. पेशी सरकते ती पायाखाली चिकट ठिपके तयार करून. पुढचे ठिपके धरायचे, मागचे सोडायचे. शिकागो विद्यापीठातल्या के मॅक्लाउड यांच्या गटाने २०१६ साली उंदराच्या स्तनकर्करोगाच्या पेशींत स्वभक्षण बंद पाडले, तेव्हा हे ठिपके सुटेनात. ते आकाराने वाढत गेले आणि पेशीची हालचाल मंदावली, कारण ठिपक्यांतले पॅक्सिलिन नावाचे प्रथिन मोडून काढण्याचे काम स्वभक्षणाकडेच होते. पुढचा टप्पा रक्तप्रवाहाचा. शेजारच्या पेशींचा आधार सुटला, की सामान्य पेशी मरते. स्वभक्षण चालू असेल तर कर्करोगाची पेशी त्या अवस्थेतही काही काळ तग धरते. तिसरा टप्पा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. फुप्फुसात किंवा अस्थिमज्जेत पोहोचलेल्या काही पेशी वाढतही नाहीत, मरतही नाहीत. त्या वर्षानुवर्षे निद्रिस्त पडून राहतात. बाहेरून पोषण अपुरे असताना त्यांचा निभाव लागतो तो बराचसा स्वतःच्याच सामग्रीवर, आणि २०१८ साली उंदरांवर झालेल्या एका अभ्यासात अशा निद्रिस्त पेशींचे स्वभक्षण रोखल्यावर पुढे होणाऱ्या दुय्यम गाठी कमी झाल्या.

यावरून ‘मग स्वभक्षण बंदच करावे’ असे कुणी म्हणेल, तर तेही टिकत नाही. सॅन फ्रान्सिस्को इथल्या जयंत देबनाथ यांच्या गटाला २०२० साली उंदरांत नेमके उलटे दिसले. पेशी दूरच्या अवयवात पोहोचल्यावर स्वभक्षण बंद केले, तेव्हा एनबीआर-१ नावाचे प्रथिन पेशीत साचले, पेशींचा स्वभाव अधिक आक्रमक झाला आणि दुय्यम गाठी वाढल्या. एकच प्रक्रिया एका टप्प्यावर प्रसाराला हात देते आणि दुसऱ्या टप्प्यावर त्याला आवर घालते. अशा प्रक्रियेला घरी उपाशी राहून आपल्याला हव्या त्या दिशेला वळवता येईल, असे मानायला मला काहीच आधार दिसत नाही. सोळा तासांच्या उपवासाने माणसाच्या गाठीतले स्वभक्षण किती वाढते, हे सांगणारी रक्ताची कोणतीही नेहमीची तपासणी नाही. उंदराला एक दिवस उपाशी ठेवणे आणि आपण रात्रीचे जेवण टाळणे, या तर तुलनेच्या गोष्टीच नव्हेत. त्याच्या इवल्या देहाला तो एक दिवस फार मोठा असतो.

जाऊबाईंना आज गरज आहे ती प्रथिनांची. कर्करोगाच्या रुग्णाने दिवसाला किलोमागे १ ग्रॅमहून अधिक, शक्य तर दीड ग्रॅमपर्यंत प्रथिने घ्यावीत, असे आहारतज्ज्ञ सांगतात. ५२ किलो वजनाला हे प्रमाण साधारण ५२ ते ७८ ग्रॅम होते. साबुदाण्यात प्रथिने नावालाच असतात. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम मिळतात. अंडे चालत नसेल तर घट्ट वरण, उसळ, दही, पनीर हे थोडे थोडे करून दिवसातून पाच-सहा वेळा द्यावे, कारण केमोच्या दिवसांत एका वेळी पोटभर जेवण जात नाही. मूत्रपिंडाचा किंवा मधुमेहाचा त्रास असेल, तर हे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. उपवास श्रद्धेचा असेल तर त्यांना हेही सांगा, की आजारी माणसाला उपवासातून सूट आपल्या परंपरेनेच दिलेली आहे.

प्रश्न : मलेरियावरचे हायड्रॉक्सिक्लोरोक्विन स्वभक्षण रोखते असे वाचले. मग ते कर्करोगाच्या रुग्णांना सरसकट का देत नाहीत?
– एक विद्यार्थिनी, नाशिक

उत्तर : ते लयकारिकेतील आम्लता कमी करते, त्यामुळे गाठोडी पोहोचतात पण पचत नाहीत. स्वादुपिंडाच्या पसरलेल्या कर्करोगात केमोथेरपीला त्याची जोड देऊन पाहिली गेली; ११२ रुग्णांच्या त्या चाचणीचे निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाले. काही जणांच्या गाठी आक्रसल्या, पण वर्षभरानंतर हयात असलेल्यांचे प्रमाण वाढले नाही. याहून आशादायक काम पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात झाले. तिथे उपचार पूर्ण झालेल्या, पण अस्थिमज्जेत निद्रिस्त कर्कपेशी सापडलेल्या ५१ स्तनकर्करोग रुग्णांना हे औषध, एव्हरोलिमस (पेशींची वाढ रोखणारे दुसरे औषध) किंवा दोन्ही देण्यात आली, आणि बहुतेकांच्या मज्जेतील त्या पेशी नाहीशा किंवा कमी झाल्या. रोग परतणे खरोखर टळते का, हे ठरायला मात्र पुष्कळ मोठ्या चाचण्या व्हाव्या लागतील. दीर्घकाळ घेतल्यास या औषधाने डोळ्याच्या पडद्याला इजा होऊ शकते आणि हृदयाची लयही बिघडू शकते. म्हणून घरात संधिवातासाठी आणलेली या औषधाची पाकिटे असतील, तर ती कर्करोगाच्या रुग्णाच्या हाती परस्पर देऊ नयेत.