लघवीत केमिकल सापडलं, म्हणजे किडनी गेली?

रिपोर्टची घडी इतक्यांदा उघडमिट झाली होती की कागद मधोमध फाटायला आला होता. स्प्रे पेंटिंग करणारे चाळिशीतले गृहस्थ. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) टेकायच्या आधीच म्हणाले, "मॅडम, लघवीतून केमिकल पडतंय. आता डायलिसिसच ना?" तीन रात्री झोप नाही, घरी कुणाला पत्ता नाही.

कागदावर एकच ओळ लाल होती, हिप्पुरिक ॲसिडची. थिनरमधलं टोल्युइन श्वासावाटे आत गेलं की यकृत त्याचं हिप्पुरिक ॲसिड करतं आणि किडनी ते लघवीतून बाहेर टाकते. "म्हणजे किडनी तिचं काम करतेय," मी म्हटलं. किडनीच्या आजाराच्या तपासण्या निराळ्या. हा आकडा जवळपास त्या एका दिवसापुरता असतो.

चेहरा जरा सैलावला आणि मग खरी भीती बाहेर आली. "पुन्हा जास्त आलं तर कामावरून काढतील. जाताना भरपूर पाणी पिऊन जाऊ?" हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. उपयोग नाही. प्रयोगशाळा सोबत क्रिएटिनिन, म्हणजे लघवीत एरवीही असणारा शरीरातला टाकाऊ पदार्थ, मोजते. ते लिटरला ०.३ ग्रॅमच्या खाली असलं तर नमुना फार पातळ म्हणून सहसा बाद होतो.

"नमुना दिला त्या दिवशी पाण्याशिवाय काय प्यायलात?" मी विचारलं.

"उकाडा होता. कोल्ड्रिंकच्या दोन बाटल्या."

मी डॉक्टर नाही, पण एवढं ठाऊक होतं: बऱ्याच कोल्ड्रिंकमध्ये टिकवण्यासाठी सोडियम बेंझोएट असतं आणि शरीर त्याचंही हिप्पुरिक ॲसिडच करतं. ही गोष्ट कारखान्याच्या डॉक्टरांना सांगा, असं बजावून पाठवलं. त्यांनी शिफ्ट सुटताना नवा नमुना घेतला आणि या वेळी ऑर्थो-क्रेसॉल तपासलं. ते टोल्युइनपासूनच बनतं, बेंझोएटमुळे वाढत नाही. सिगारेटने मात्र वाढतं. हे गृहस्थ ओढत नव्हते.

आकडा मर्यादेत आला, पण अगदी काठावर. सगळा दोष कोल्ड्रिंकवर ढकलून मोकळं होता येणार नव्हतं. डॉक्टरांनी विचारलं, हात कशाने धुता?

"थिनरनेच. सगळेच धुतात."

मास्कचं कार्ट्रिज, म्हणजे हवा गाळणारा डबा, बदलावं लागतं, हेही या गृहस्थांना तेव्हाच कळलं. घरी अजून बोललेले नाहीत. पुढच्या भेटीला बायकोला घेऊन येतो म्हणालेत.