दुखत नाही, मग ड्युटी केली तर चालेल का?

प्रश्न : नमस्कार मॅडम, वय ५२, पुण्यात एका सोसायटीत वॉचमन आहे, १२ तास ड्युटी, बूट कंपल्सरी. शुगर ११ वर्षांपासून. महिन्यापूर्वी घरी येऊन बूट काढला तर सॉक्स रक्ताने भिजलेला, आतून खडा निघाला, दिवसभर कळलंच नाही. अंगठ्याखाली जखम झालीय पण दुखत अजिबात नाही. डॉक्टर म्हणतात दीड-दोन महिने त्यावर भार नको. सुपरवायझर म्हणतो एवढी रजा नाही, दुसरा माणूस बघतो. पट्टी बांधून ड्युटी केली तर?

उत्तर : नाही दादा, नका करू. दुखत नाही याचीच मला जास्त काळजी वाटतेय. शुगरने नसा बधिर झाल्यात, नाहीतर खडा टोचल्याबरोबर तुम्ही बूट काढून झटकला असता, आणि जखम झाल्यावर लंगडत का होईना तो पाय जपला असता. आता रोज त्याच जागेवर अख्खं वजन पडतंय, मग ड्रेसिंग कितीही चांगलं करा, ती भरणार कशी? पायाला खास प्लॅस्टर किंवा वॉकर बूट बसवता येईल का ते डॉक्टरांना विचारा, त्याने जखमेवरचा दाब बराच कमी होतो आणि घरातल्या घरात थोडं चालता येतं.

आता नोकरीचं. पगारातून ईएसआय (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) कटतं का, स्लिप बघा. कटत असेल आणि ठरलेल्या सहा महिन्यांत ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असेल तर आजारपणात पगाराच्या ७० टक्के पैसे मिळतात, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत, म्हणजे तुमचे दोन महिने त्यात बसतात. सर्टिफिकेट मात्र ईएसआयच्या डॉक्टरांचंच घ्या. आणि हे पैसे चालू असताना मालकाला कामावरून काढता येत नाही, कायद्यातच आहे तसं, सुपरवायझरला स्पष्ट सांगा. रजेचा अर्ज लेखी द्या, पोच घ्या, तोंडी काही ठेवू नका.

जखम भरल्यावर गेटवर खुर्ची मागा, सीसीटीव्ही किंवा रजिस्टरचं बसून करायचं काम मागा. १२ तास उभं राहायला लावणं मला तर कुणासाठीच पटत नाही. चप्पल-बूट एमसीआरचे (एक प्रकारचं मऊ रबर), मऊ तळव्याचे घ्या, बूट सक्तीचे असतील तर डॉक्टरांची चिठ्ठी दाखवा. घट्टा झाला तर ब्लेडने कापायचा नाही. बूट घालताना आधी उलटा करून झटका, आत हात फिरवा, रात्री वहिनींना तळवे बघायला सांगा. पाय सुजला, वास आला, काळं पडलं किंवा ताप आला तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा, ड्युटी संपायची वाट बघू नका.